दोन लाइनच्या राउटरवर व्हीपीएन टिकवायचं असेल तर आधी फोन कोणी लावायचा ते ठरवा

एका मालकांनी लिहून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे आणि टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा सर्व्हर तिथेच ठेवलाय. नवी पेठेत दुकान आणि ऑफिस आहे, तिथे दोन कॉम्प्युटर. हिशेब बघणाऱ्या मॅडम जुळे सोलापुरात राहतात आणि जीएसटीच्या दिवसांत घरून काम करतात. कारखान्यात दोन कंपन्यांचं इंटरनेट आहे. पहिल्या लाइनला स्टॅटिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता आहे, दुसरी साधी आहे. दोन लाइन घेणारा फायरवॉल राउटर कारखान्यात बसवला, दुकानात त्याच कंपनीचा छोटा राउटर लावला आणि दोघांत व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधूनच जाणारी खासगी बंद वाट, जोडलं. ते चालतं. पण पहिली लाइन गेली की व्हीपीएनही जातं, कारखान्यातलं इंटरनेट मात्र दुसऱ्या लाइनवर चालूच असतं. आणि लाइन चालू असतानाही कधी कधी पिंगला, म्हणजे "आहेस का" या छोट्या हाकेला, सर्व्हरचं उत्तर येतं पण टॅली उघडत नाही. राउटर रीस्टार्ट केला की चालतं. दुकानात टॅली सर्व्हरचं डेटा फोल्डर शेअर करून उघडतात. मालकांचा सवाल एवढाच की राउटर बदलायचा का.

राउटर बदलू नका, तो चांगला आहे. तुमच्या टनेलची, म्हणजे दोन राउटरमधल्या व्हीपीएनच्या जोडणीची, दिशा उलटी लागली आहे.

दोन लाइनचा राउटर घेतला की सगळंच आपोआप टिकेल असं आपण धरून चालतो. ब्राउझरचं तसं होतं, कारण तो दर पानाला नवी जोडणी करतो. लाइन मधेच बदलली तर फार तर एक पान पुन्हा उघडावं लागतं. टनेल हा मात्र दोन ठरलेल्या पत्त्यांमधला करार असतो. तुमच्या दुकानातल्या राउटरमध्ये कारखान्याचा एकच पत्ता भरलाय, पहिल्या लाइनचा स्टॅटिक आयपी. ती लाइन पडली की दुकानाचा राउटर बंद पडलेल्या नंबरावरच फोन लावत बसतो. मग दुसऱ्या लाइनचा पत्ता भरला तर? त्याचाही उपयोग नाही, कारण बहुधा त्या लाइनला स्वतःचा पत्ताच नाही.

हे आधी तपासा. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन टूचा, म्हणजे दुसऱ्या लाइनचा आयपी बघा. तो १०ने सुरू होत असेल, १९२.१६८ने होत असेल, १७२.१६ ते १७२.३१च्या दरम्यान असेल किंवा १००.६४ ते १००.१२७च्या दरम्यान असेल, तर तो पत्ता बाहेरच्या जगात चालत नाही. शेवटची जी १००.६४ची रेंज आहे ती २०१२ साली खास याच कामासाठी राखून ठेवली गेली: इंटरनेट कंपनी शेकडो गिऱ्हाइकांना एकाच खऱ्या पत्त्याच्या आड बसवते. याला सीजीनॅट म्हणतात. कित्येक जण इथे डायनॅमिक डीएनएस (बदलता पत्ता एका नावाला बांधणारी सेवा) लावून बघतात आणि दोन दिवस घालवतात. डायनॅमिक डीएनएस तुम्हाला वाड्याचा पत्ता देतो. पण आत कुठल्या खोलीत जायचं हे सांगायला वाड्याच्या दारात कोणी नाही, म्हणून बाहेरून आलेलं पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, दारातूनच परत जातं. आतून बाहेर मात्र कधीही जाता येतं. सगळी युक्ती या एका वाक्यात आहे: सीजीनॅटच्या आडून फोन लावता येतो, घेता येत नाही.

म्हणून सर्व्हर जिथे आहे त्याच टोकाला फोन घेणारा करायचा ही सवय इथे सोडावी लागते. तुमच्याकडे कारखान्याने फोन लावायचा आणि दुकानाने घ्यायचा. दुकानाच्या लाइनला स्टॅटिक आयपी घ्या. बिझनेस प्लॅनवर तो सहसा थोडे जास्त पैसे भरून मिळतो. मग कारखान्याची पहिली लाइन असो की दुसरी, कारखान्याचा राउटर दुकानाच्या त्या एका पक्क्या पत्त्यावर फोन लावतो आणि टनेल उभा राहतो. एकदा तो उभा राहिला की डेटा दोन्ही दिशांनी जातो. फोन कोणी लावला याला मग महत्त्व उरत नाही. दुकानातून सर्व्हर तसाच दिसेल जसा आज दिसतो.

कारखान्याची दुसरी लाइनही स्टॅटिक करून घेता येत असेल तर जरूर घ्या, मग काम सोपं होतं. पण ग्रामीण भागातल्या किंवा मोबाइल सिमवरच्या लाइनला ते बहुतेक वेळा मिळत नाही. कुठेच स्टॅटिक मिळत नसेल तर मुंबईतल्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये महिन्याच्या भाड्याने छोटा क्लाउड सर्व्हर घ्यावा, त्यावर वायरगार्ड हे व्हीपीएनचं सॉफ्टवेअर चढवावं आणि सगळ्यांनी तिथे फोन लावावा. तुम्हाला आज त्याची गरज दिसत नाही.

आता व्हीपीएनचं पान उघडण्याआधीची दोन कामं.

पहिलं काम कॉम्प्युटरवर होत नाही. कारखान्याच्या गेटबाहेर जा आणि दोन्ही केबल कुठून येतात ते डोळ्यांनी बघा. कंपन्या दोन असल्या तरी केबल बरेचदा एकाच खांबावरून किंवा एकाच चरातून येतात. रस्ता खणताना जेसीबीचा दात लागला की दोन्ही एकदम तुटतात. मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात दोन फायबर एकाच खिळ्याला बांधलेल्या पाहिल्या आहेत. असं असेल तर दुसरी लाइन बदला, फाइव्ह-जी सिमवरची किंवा वायरलेस अँटेनावरची घ्या. वेग कमी मिळाला तरी चालेल, वाट वेगळी असली पाहिजे.

दुसरं काम रेंजचं, म्हणजे आतल्या कॉम्प्युटरना दिलेल्या पत्त्यांच्या गटाचं. कारखान्यात १९२.१६८.१ आणि दुकानातही १९२.१६८.१ असेल तर व्हीपीएन हिरवं दिसेल आणि काहीच चालणार नाही, कारण दुकानातल्या कॉम्प्युटरला १९२.१६८.१.१० हा शेजारीच बसलाय असं वाटतं आणि तो पॅकेट राउटरकडे देतच नाही. काही राउटर पत्ते बदलून देण्याची सोय देतात. मी ती वापरत नाही, सहा महिन्यांनी कोणालाच काही आठवत नाही. रेंजच बदला. पण कुठलीही नको. घरच्या राउटरवर ०, १ आणि २९ या रेंज सर्रास असतात. अँड्रॉइडच्या जुन्या हॉटस्पॉटवर ४३ असते, आयफोनच्या हॉटस्पॉटवर १७२.२०.१० असते. मॅडम घरून किंवा मोबाइलवरून जोडायच्या आहेत, त्यांच्या घरची रेंज कारखान्याशी भिडायला नको. कारखान्याला १९२.१६८.६१ द्या, दुकानाला १९२.१६८.६२ आणि व्हीपीएनने येणाऱ्या माणसांना १०.८८.०. हे काम साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी काढा, कारण सर्व्हरसोबत प्रिंटर, हजेरीचं मशीन आणि कॅमेऱ्यांचा डीव्हीआर यांचेही पत्ते हाताने बदलावे लागतात. हजेरीचं मशीन हमखास विसरतं आणि पगाराच्या दिवशी आठवतं.

याच वेळी इंटरनेटवाल्यांचा बॉक्स बघा. तो स्वतः राउटर म्हणून चालत असेल तर त्याला ब्रिज मोडवर टाकायला सांगा, म्हणजे तो फक्त लाइन पुढे देईल, आणि पीपीपीओईचं (लाइनच्या लॉगिनचं) यूजरनेम-पासवर्ड तुमच्या फायरवॉलमध्ये भरा. दुकानात तर हे हवंच, कारण फोन तिथे यायचा आहे. ब्रिज होतच नसेल तर त्या बॉक्सवर यूडीपी ५०० आणि ४५०० हे दोन पोर्ट (व्हीपीएन आत येण्याची दारं) आतल्या राउटरकडे वळवा.

आता टनेल. दोन राउटरमध्ये आयपीसेक या पद्धतीचं व्हीपीएन, आणि त्यात ओळख पटवण्यासाठी आयकेई व्हर्जन टू. व्हर्जन टूचा आग्रह का, हे तुमच्या रचनेला धरून सांगतो, कारण छोट्या राउटरमध्ये व्हर्जन वनच आधी निवडलेलं दिसतं. व्हर्जन वनच्या मेन मोडमध्ये पासवर्ड, म्हणजे प्रीशेअर्ड की, कुठली लावायची हे समोरच्याच्या आयपीवरून ठरतं. तुमच्या दुसऱ्या लाइनचा आयपी रोज बदलणार. मग माणसं ॲग्रेसिव्ह मोड लावतात आणि ते चालतंही. पण त्यात पासवर्डचा हॅश, म्हणजे त्यापासून बनवलेला ठसा, उघड्यावर जातो, तो टिपून घरी बसून फोडता येतो. व्हर्जन टू नाव बघून ओळखतं, त्याला ही अडचण नाही. ते २००५ साली आलं, आणि २०२३ साली तर इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफने व्हर्जन वन अधिकृतपणे बाद ठरवलं. पीपीटीपी तर नावालाही नको. त्यातली ओळख पटवण्याची पद्धत २०१२ सालीच पुरती फोडून दाखवली गेली आहे, आणि ॲपलने २०१६ मध्ये ते आपल्या फोनमधून काढून टाकलं.

नावाचा मुद्दा इथेच आला. आयपीसेकमध्ये लोकल आयडी आणि रिमोट आयडी असे दोन रकाने असतात आणि बहुतेक जण ते मोकळे सोडतात. मोकळे सोडले की राउटर स्वतःचा वॅन आयपी नाव म्हणून सांगतो. दुसऱ्या लाइनवर तो आयपी १००.७० असा काहीतरी असणार आणि दुकानाला दिसणार तिसराच. मग दुकान दार उघडत नाही आणि लॉगमध्ये ऑथेंटिकेशन फेल्ड येतं. पासवर्ड बरोबर असतानाही हा शब्द दिसला की माणूस पासवर्डच बदलत राहतो. म्हणून दोन्ही टोकांना नावं हाताने भरा. आयडीचा प्रकार आयपी न ठेवता डोमेन नाव किंवा एफक्यूडीएन निवडा. कारखान्याच्या पहिल्या लाइनच्या टनेलला "फॅक्टरी-वन", दुसऱ्याला "फॅक्टरी-टू", दुकानाला "शॉप", इंग्रजी छोट्या अक्षरांत. हे खरं डोमेन असायची गरज नाही, दोन्हीकडे अक्षर न अक्षर सारखं असलं की झालं.

बाकीचे आकडे पटकन सांगतो, रकाने बहुधा याच नावांनी सापडतील. एन्क्रिप्शन एईएस २५६, हॅश शा २५६, डीएच ग्रुप १४च्या खाली जाऊ नका, पीएफएस चालू, पहिल्या टप्प्याची मुदत २८८०० सेकंद, दुसऱ्याची ३६००. डीपीडी, म्हणजे समोरचा जिवंत आहे का ते विचारणं, दोन्हीकडे चालू ठेवा, अंतर १० सेकंद आणि तीन वेळा उत्तर नाही आलं तर टनेल मोडायचा. प्रीशेअर्ड की किमान २५ अक्षरांची, कारखान्याच्या नावात वर्ष जोडून केलेली नको. कारखान्याच्या बाजूला "इनिशिएटर" किंवा "डायल आउट" निवडा, दुकानाच्या बाजूला "रिस्पॉन्डर". दोन्हीकडे इनिशिएटर ठेवलं तर दोघेही एकमेकांना फोन लावतात आणि टनेल मधे मधे मोडू शकतो.

कारखान्यात दोन टनेल बनवा, एक वॅन वनमधून आणि एक वॅन टूमधून, दोन्ही दुकानाच्या एकाच पत्त्यावर. राउटरमध्ये रूट बेस्ड किंवा व्हर्च्युअल टनेल इंटरफेस असा प्रकार असेल तर तोच घ्या. मग ६२च्या रेंजकडे जाणारे दोन रस्ते लिहायचे, पहिल्या टनेलचा मेट्रिक १० आणि दुसऱ्याचा २०; लहान आकड्याचा रस्ता आधी वापरला जातो. पहिला पडला की दुसरा आपोआप घेतो. दुकानाच्या बाजूलाही ६१कडे परत येणारे दोन रस्ते तसेच आणि त्याच क्रमाने लिहा. एका बाजूला क्रम उलटा झाला तर जाणारं पॅकेट एका वाटेने जातं, येणारं दुसऱ्या वाटेने येतं, आणि फायरवॉल ते अनोळखी समजून टाकून देतो. रूट बेस्ड नसेल तर एकाच रेंजचे दोन टनेल एकदम उभे करू नका, ते एकमेकांना पाडतात. अशा राउटरमध्ये टनेलच्या पानावर "आधी वॅन वन, नसेल तर वॅन टू" असा पर्याय बहुधा सापडतो, तो निवडा.

आता ती जागा, जिथे मी सर्वांत जास्त वेळ गेलेला पाहिलाय. तुमच्या राउटरवर लोड बॅलन्सिंग चालू आहे असं तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये दिसतं, म्हणजे निम्म्या जोडण्या इकडून आणि निम्म्या तिकडून. याचे दोन त्रास. एक, बँकेच्या आणि सरकारी पोर्टलवर मधेच आयपी बदलला की लॉगिन तुटतं. ती तक्रार तुमच्याकडे वेगळी येत असेल, पण मूळ हेच आहे. दुसरा त्रास व्हीपीएनचा. लोड बॅलन्सचा नियम राउटिंगच्या आधी वाचला जातो. ६२च्या रेंजकडे जाणारं पॅकेट टनेलमध्ये जायच्या आधीच तो नियम त्याला उचलून एखाद्या वॅनमधून उघड्या इंटरनेटवर ढकलतो, आणि ते तिथे मरतं. व्हीपीएन हिरवं आणि आत काही नाही, ही अवस्था बरेचदा यातून येते. म्हणून नियमांच्या यादीत सर्वांत वर एक नियम लिहा: जायचं ठिकाण १९२.१६८.६२ किंवा १०.८८.० असेल तर लोड बॅलन्स नाही, नॅट (पत्ता बदलणं) नाही, सरळ राउटिंग टेबलप्रमाणे जा. हा नियम वर आहे की खाली यावर सगळं अवलंबून आहे.

सर्व्हर असलेल्या ठिकाणी मी लोड बॅलन्स ठेवतच नाही. पहिली लाइन कामाची, दुसरी राखीव. दुसरीचे पैसे फुकट जातात असं वाटत असेल तर कामगारांचा वाय-फाय आणि मोबाइल तिच्यावर टाका, काम करणारे कॉम्प्युटर पहिलीवर.

लाइन पडली हे राउटरला कळतं कसं, हेही बघून घ्या. फायबर बाहेर तुटली तरी इंटरनेटवाल्यांचा बॉक्स चालूच असतो, त्याची वायर राउटरला जोडलेलीच असते, दिवा हिरवाच असतो. राउटरला वाटतं लाइन आहे. म्हणून पिंगने तपासायला सांगा, तेही बॉक्सच्या पत्त्यावर नाही. वॅन वनला ८.८.८.८ (गूगलचा पत्ता) आणि वॅन टूला १.१.१.१ (क्लाउडफ्लेअरचा) द्या, दर ५ सेकंदांनी एक, सलग ४ चुकले तर लाइन पडली समजायचं. दोन्ही वॅनना एकच पत्ता देऊ नका, काही राउटर तो पत्ता एका लाइनला कायमचा बांधून टाकतात. लाइन परत आली की लगेच तिच्यावर उडी मारायची नाही, किमान दोन मिनिटं स्थिर राहिली तरच परत जायचं. सोलापुरात वादळी पावसात लाइन मिनिटाला तीनदा येते-जाते, तेव्हा हे दोन मिनिटांचं थांबणं फार कामी येतं. शिवाय "लाइन पडल्यावर जुनी सेशन (चालू जोडण्यांच्या नोंदी) साफ करा" असा एक पर्याय असतो, तो चालू करा. तो बंद असेल तर आयपीसेकची यूडीपी सेशन जुन्या लाइनला चिकटून राहते. राउटर दर काही सेकंदांनी पॅकेट पाठवत राहतो, त्यामुळे ती सेशन कधी संपतच नाही, आणि राउटर बंद-चालू केल्याशिवाय टनेल उठत नाही. "रीस्टार्ट केलं की चालतंय" असं तुम्ही लिहिलंय, त्याचं कारण हेच असावं.

आता पिंग येतं आणि टॅली उघडत नाही, त्याबद्दल. गेल्या उन्हाळ्यात एका मालकांनी मला फोनवर हेच विचारलं होतं: "ओ, पिंग येतंय की, मग टॅली का उघडंना?" पिंगचं पॅकेट चिमुकलं असतं. टॅली किंवा रिमोट डेस्कटॉप (दुसऱ्या कॉम्प्युटरचा पडदा आपल्याकडे उघडून काम करण्याची सोय) भरलेली मोठी पॅकेटं पाठवतात. साधी लाइन १५०० बाइटचं पॅकेट नेते, पीपीपीओई १४९२, आणि आयपीसेकचं वेष्टन त्यातले आणखी साठ-ऐंशी बाइट खातं. मोठं पॅकेट दारात अडतं. "छोटं करून पाठव" हा निरोप परत यायला हवा, पण वाटेतला कोणीतरी तो निरोपच अडवतो. दोन्ही टोकं वाट बघत बसतात.

मोजून बघा. दुकानातल्या कॉम्प्युटरवर काळी खिडकी, म्हणजे कमांड प्रॉम्प्ट, उघडा आणि सर्व्हरला पिंग -एफ -एल १४७२ असं पाठवा, अक्षरं अर्थातच इंग्रजी छोटी. एफ म्हणजे तुकडे करू नको, एल म्हणजे एवढ्या मापाचं. हे जाणार नाही. मग १४४०, १४२०, १४०० असं खाली या. समजा १३९० गेलं आणि १४०० अडलं. त्या आकड्यातून १२ वजा करा, १३७८ आले. टीसीपीचा एमएसएस, म्हणजे एका पॅकेटात जास्तीत जास्त किती डेटा भरायचा तो आकडा, याच्या थोडा खाली ठेवायचा. राउटरच्या टनेल इंटरफेसवर "एमएसएस क्लॅम्प" असा रकाना असतो, तिथे १३५० भरा, दोन्ही बाजूंना. दुसऱ्या लाइनवर टनेल असतानाही हे मोजा, तिथला आकडा वेगळा येतो, विशेषतः सिमवर. लहान असेल तो आकडा धरा.

तेवढ्याने टॅली उघडेल, पण तुम्ही दुकानातून सर्व्हरचं डेटा फोल्डर शेअर करून उघडताय, ते बंद करा. टॅली त्या फोल्डरमधून शेकडो छोट्या वाचनांनी काम करते आणि प्रत्येक वाचनाला टनेलमधून जाऊन-येऊन वेळ लागतो. १०० एमबीपीएसची लाइन असली तरी रिपोर्ट रांगत येतो. त्याहून वाईट म्हणजे एन्ट्री सेव्ह होत असताना लाइन बदलली तर डेटा बिघडू शकतो. रिमोट डेस्कटॉपने कारखान्यातल्या सर्व्हरवर बसा आणि टॅली तिथेच चालवा. टनेलमधून फक्त चित्र आणि कीबोर्ड जातो. लाइन बदलली तर स्क्रीन मिनिटभर थिजते आणि परत येते, अर्धी भरलेली एन्ट्री जिथल्या तिथे असते. एवढं लक्षात घ्या की साध्या विंडोज प्रोवर एका वेळी एकच जण बसू शकतो. दुकानातले दोघे आणि मॅडम एकदम बसायचे असतील तर विंडोज सर्व्हर, त्याची रिमोटची लायसन्सं आणि टॅलीचं मल्टी-यूजर लायसन्स लागतं. तो खर्च आधीच धरा.

आणि एक कळकळीची विनंती. हे सगळं करायच्या आधी घाईत कोणी "तोपर्यंत ३३८९ पोर्ट फॉरवर्ड करून देतो", म्हणजे रिमोट डेस्कटॉपचं दार थेट इंटरनेटवर उघडतो, म्हणालं तर करू देऊ नका. युनिफॉर्म शिवणाऱ्या एका ओळखीच्या कारखान्यात कोणीतरी असंच तात्पुरतं उघडलं होतं, नंबर बदलून ३३९० ठेवला होता म्हणून सुरक्षित आहे असं समजून. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, सुट्टीनंतर कामावर आले तर सर्व्हरवरच्या प्रत्येक फाइलचं नाव बदललेलं, आणि बॅकअपची यूएसबी डिस्क त्याच सर्व्हरला टोचलेली होती, तीही लॉक झालेली. मी तिथे पोहोचलो तेव्हा अकाउंटंट बिलांच्या फाइली जमिनीवर पसरून महिन्यांप्रमाणे लावत बसले होते. बराच काळ एकेक बिल हाताने परत चढवावं लागलं. ते दृश्य मी विसरलेलो नाही. नंबर बदलल्याने पोर्ट लपत नाही. बाहेरून सर्व्हरकडे जाणारा एकही पोर्ट उघडा नको, येणाऱ्याने व्हीपीएनमधूनच यावं.

मॅडमसाठी वेगळं व्हीपीएन लागेल. राउटरमध्ये वायरगार्ड असेल तर ते द्या, नसेल तर ओपनव्हीपीएन. वायरगार्ड हलकं आहे, मार्च २०२०पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे, आणि घरचं वाय-फाय जाऊन मोबाइल डेटा आला तरी ते न तुटता चालतं. पण ते कारखान्याच्या राउटरवर ठेवू नका. तिथे दोन वॅन आहेत, विनंती एका वॅनवर येते आणि उत्तर दुसऱ्या वॅनमधून जातं असं वायरगार्डच्या बाबतीत बरेचदा होतं. शिवाय पहिली लाइन गेली की मॅडमना यायला दारच नाही. त्यांनी दुकानाच्या स्टॅटिक आयपीवर यावं आणि तिथून टनेलने कारखान्यात जावं. त्यासाठी कारखान्याच्या राउटरवर १०.८८.०ची परत जाणारी वाट दुकानाच्या टनेलमधून लिहा. ही एक ओळ विसरली की मॅडमना दुकानातला प्रिंटर दिसतो आणि सर्व्हर दिसत नाही. फायरवॉलमध्ये १०.८८.०कडून फक्त सर्व्हरच्या ३३८९ला परवानगी द्या. घरच्या लॅपटॉपवर मुलंही खेळतात, त्या लॅपटॉपला अख्खा कारखाना उघडा करायचं कारण नाही.

दोन्ही राउटरची घड्याळं एनटीपीने, म्हणजे इंटरनेटवरून आपोआप, लावा आणि वेळ भारतीय ठेवा. वीज गेल्यावर काही राउटर जुन्या तारखेवर जातात, मग ओपनव्हीपीएनचं सर्टिफिकेट (ओळखपत्र) "अजून सुरू झालेलं नाही" म्हणून नाकारलं जातं. लॉग राउटरमध्ये ठेवले तर रीस्टार्टला पुसले जातात, ते सर्व्हरवर पाठवा. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांप्रमाणे कंपन्यांनी १८० दिवसांचे लॉग ठेवायचे आहेत आणि सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची आहे. त्यात व्हीपीएन पुरवणाऱ्यांनी गिऱ्हाइकांची नोंद ठेवण्याचा जो नियम आहे तो स्वतःच्या कंपनीपुरत्या व्हीपीएनला लागू नाही, तेव्हा त्याने घाबरू नका.

शेवटी चाचणी. राउटरमधून वॅनची वायर उपटून चाचणी करू नका, तसं तुटणं राउटरला लगेच कळतं आणि खरं तुटणं तसं नसतं. इंटरनेटवाल्यांच्या बॉक्सला खालून सहसा हिरव्या टोकाची बारीक फायबर लागलेली असते, ती हलक्या हाताने काढा. टोकात डोळा घालून बघू नका आणि बोट लावू नका, लगेच टोपण लावा. बॉक्सवर लाल दिवा लागेल, राउटरला लाइन आहे असंच वाटत राहील. आता दुकानात रिमोट डेस्कटॉप उघडा ठेवून घड्याळ लावा. वर दिलेल्या आकड्यांप्रमाणे मिनिटभरात स्क्रीन परत हलली पाहिजे. दोन मिनिटं होऊनही नाही आली तर आधी सेशन साफ करण्याचा पर्याय बघा, मग आयडीची नावं. फायबर परत लावा आणि टनेल पहिल्या लाइनवर परत जातो का तेही बघा. ही चाचणी महिन्यातून एकदा, जेवणाच्या सुट्टीत.

राउटर सध्या कुठे ठेवलाय ते लिहिलेलं नाही. शेडमध्ये मागांच्या वरच्या फळीवर असेल तर खाली उतरवा. टॉवेल विणताना उडणारी रुई पंख्याच्या जाळीवर नमद्यासारखी बसते, आणि एप्रिल-मेच्या चाळीसच्या वरच्या उन्हात पत्र्याखाली राउटर तापून दुपारी दोन ते पाच हँग होतो. ऑफिसच्या केबिनमध्ये ठेवा, दर महिन्याला ब्रशने जाळी साफ करा. यूपीएसवर राउटरसोबत दोन्ही इंटरनेटवाल्यांचे बॉक्स, स्विच आणि सर्व्हर एवढे सगळे घ्या. दुकानातही तसंच, कारण आता फोन तिथे यायचा आहे आणि तिथला बॉक्स बंद म्हणजे सगळ्यांचा फोन बंद. सगळं जमलं की दोन्ही राउटरचं कॉन्फिगरेशन एका पेनड्राइव्हवर घ्या, वर तारीख घाला आणि तो पेनड्राइव्ह सर्व्हरला न टोचता मालकांच्या कपाटात ठेवा.